गार होईपर्यंत हात लावू नका

पहिल्याच भेटीत सिस्टरने त्याला दाराबाहेर काढलं होतं. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायची ती खोली, आणि हा बाबा खुशाल बुटांसकट आत! वर हसून म्हणाला, "चुकलंच माझं… पण पाकिटं तरी बघाल?"

हत्यारं भरून ठेवायची ती पाकिटं त्याने स्वतः गवताच्या लगद्यापासून बनवली होती, मातीत पुरली की मातीच होणारी. रोज फाडून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटांचे ढीग बघून सिस्टरचा जीव तुटायचा. मेट्रनबाईंच्या हातापाया पडून तिने चाचणीची परवानगी मिळवली.

मग तो येतच राहिला. पाकिटात कात्र्या-चिमटे भरायचे, कडा चिकटवायच्या, वाफेच्या यंत्रात ठेवायचं आणि मधल्या वेळात अखंड बडबड. तो यायचा त्या दिवशी सिस्टरचे केस जरा जास्तच चापूनचोपून बसलेले असायचे.

मागच्या वेळी मात्र त्याने घोळ घातला. पाकिटं शाबूत निघालेली बघून आनंदाच्या भरात गरमच उचलली. गरम, दमट पाकिटाला हात लागला की जंतू आत शिरलेच म्हणून समजा. दोष पाकिटांचा नव्हता, आणि तिने झाकून नेलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. तरी तिने सगळी खेप बाद केली. तो पिशवी उचलून निघून गेला, आणि ती घरी जाऊन रडली.

आज शेवटची संधी होती. जमलं नाही तर पुन्हा प्लॅस्टिक… आणि त्याचं येणंही बंद.

यंत्राचं दार उघडलं. "हात खिशात," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने घातले. दोघं शेजारी-शेजारी स्टुलांवर बसली.

"त्या दिवशी… राग आला माझा?"

"आला की. घरी आईपुढे तणतणलो. ती म्हणाली, उद्या मला ॲडमिट केलं तर हीच सिस्टर असू दे." तो जरा अडखळला. "मी म्हटलं, मला तर… रोजच असू दे."

सिस्टर पाकिटांकडेच बघत राहिली. कान मात्र तापले होते.

पाकिटं गार झाल्यावर तिने एकेक तपासलं. कोरडी होती, कडाही पक्क्या. "पास," ती म्हणाली.

"आता काढू हात?"

"थांबा." तिने पाकिटं कपाटात ठेवली, हातमोजे उतरवले, आणि आपला हात पुढे केला. "आता काढा."

त्याने तो धरला. तिचा हात चांगलाच गरम होता, पण गार होईपर्यंत थांबा, असं या वेळी ती काही म्हणाली नाही.