आठ दिवस डब्यात

"आठ दिवस भरले. चला, डबा उघडायचा!" प्रोफेसरने फर्मान सोडलं आणि भर दुपारी तिघं भावंडं जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत शिरली. प्रोफेसर म्हणजे मधल्या खारीचा चष्मेवाला दादा. धाकट्याला शेपूट म्हणत, कारण तो सदा मागेच.

सुट्टीला मावशीकडे आल्या आल्या खारीला एक गोष्ट खटकली होती. बंद कपाटातला मावशीचा कामाचा झगा चमकत होता. मावशी घड्याळांच्या कारखान्यात तबकड्यांवर चमकत्या रंगाने आकडे काढायची. ब्रशला टोक यावं म्हणून दर आकड्यामागे तो ओठांत धरायचा, अशी तिथली रीतच होती. हल्ली तिचा जबडा सुजला होता, दोन दात आपोआप पडले होते. मुकादम मात्र सगळ्यांना सांगायचा, की रंग दिवसा ऊन पितो आणि अंधारात परत देतो, त्यात भ्यायचं काय?

हे खरं का, ते बघायला प्रोफेसरने एक वाया गेलेली तबकडी आणि शेपटाची उन्हात ठेवली की अंधारात चमकणारी खेळण्यातली चांदणी, दोन्ही डब्यात कोंडून ठेवली होती.

झाकण निघालं. चांदणी पार विझलेली होती. तबकडीवरचे बाराही आकडे लख्ख चमकत होते.

तेवढ्यात मावशी आली. लपंडाव चाललाय असं वाटून तीही हळूच आत शिरली आणि तिने दार ओढून घेतलं. अंधारात तिचे ओठ हिरवट उजळले. शेपूट खिदळला. खारीने मात्र झटकन दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तपासणीचे डॉक्टर येणार होते. मावशीचा जेवणाचा डबा पोचवायच्या निमित्ताने तिघं आत घुसली. खारीने डॉक्टरांसमोरच मुकादमाला साळसूदपणे विचारलं, "काका, ऊन नाही मिळालं तर हा रंग विझतो ना?"

"विझणारच! नाही विझला तर मिशा उतरवीन."

मग प्रोफेसरने सगळ्यांना अंधाऱ्या कोठारात नेलं आणि आठ दिवसांचा हिशेब सांगून तो तबकडी-चांदणीचा डबा उघडला. मुकादमाचं पितळ उघडं पडलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. हा उजेड रंगाचा स्वतःचाच आहे आणि तो हाडं पोखरतो, असं त्यांनी सांगितलं आणि तिथल्या तिथे काम बंद करवलं.

"शाबास, पोरांनो! बाकीच्या अकराजणी तुमच्यामुळे वेळेत सुटल्या," डॉक्टर म्हणाले.

"आणि मावशी?" खारीने विचारलं. डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं आणि ते बराच वेळ लावतच राहिले.

घरी मावशीने तिला कुशीत घेतलं. "त्या अकराजणींना ब्रश ओठांत धरायला मीच शिकवलं होतं गं. तू त्यांना सोडवलंस. माझ्या उरावरचा धोंडा उतरवलास, बाळ."

सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. खारीला ते नको होतं, तिला मावशी हवी होती. ती मावशीला घट्ट धरून बसली, आणि अंधार पडायच्या आत तिने घरातले सगळे दिवे लावले.