ओळंबा सरकतो

आमच्या गावाचा घंटामनोरा सहाशे वर्षं दक्षिणेकडे कलतोय आणि गेली एकोणीस वर्षं त्याची मापं मी घेतोय. वरून आत सोडलेली पोलादी तार, तिच्या टोकाला ओळंबा, आणि तो डुलू नये म्हणून खाली तेलाची बादली. रोज सकाळी सातला जायचं, तार कुठवर आली ते बघायचं, कागदावर पेन्सिलीने ठिपका द्यायचा. वर्षाला एक मिलिमीटर. पो नदीच्या गाळावर उभ्या असलेल्या मनोऱ्याला तेवढं माफ असतं.

यंदा मार्चमध्ये आठवड्यात चार मिलिमीटर झाले. नगराध्यक्ष स्पेरांदिओंना मी समजावलं, मनोरा झाडासारखा आडवा पडत नाही. कलत्या बाजूवर भार वाढतो, भाराने खालचा गाळ दबतो, गाळ दबला की कल आणखी वाढतो. शेवटी त्या बाजूच्या विटा चुरतात आणि आतला दगडमातीचा भराव फाटक्या पोत्यातल्या मक्यासारखा सांडतो.

"वरचे बारा मीटर उतरवले तर वाचेल," मी म्हटलं.

"आणि शेजारच्या गावापेक्षा आपला बुटका? त्या बेडूकखाऊंना आयतं हसायला? तुल्लिओ, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

सभेत माझ्या बाजूने एकही हात वर झाला नाही. मग मनोऱ्याला लागून असलेली दक्षिणेची नऊ घरं रिकामी केली आणि माणसं पूर्वेच्या शाळेत नेली. त्यात माझंही घर होतं.

तिसऱ्या सकाळी ठिपका पूर्वेला सरकला.

उन्हाने भिंत तापते, तेवढं चालायचंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. तरी माणसं उत्तरेच्या नाचाच्या हॉलमध्ये हलवली. ठिपका उत्तरेला सरकला. गाळ असा दिशा बदलत नाही. त्यानंतर त्या नऊ घरांतल्याच एक्याऐंशी वर्षांच्या फेदोरामावशी गुडघ्यासाठी दोन दिवस पश्चिमेच्या दवाखान्यात गेल्या. बाकी सगळे हॉलमध्येच होते.

ठिपका पश्चिमेला गेला.

दवाखान्यात त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसलो.

"माझ्यामागे येतोय ना?" कॉफीत साखर ढवळत त्याच म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझ्याआधी सासूच्या मागे होता. ती म्हणायची, लांब जाऊ नकोस गं, त्याला सोसत नाही."

मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टी ऐकून घ्यायच्या आणि सोडून द्यायच्या, ही माझी सवय. तरी खात्री करून घ्यायला त्याच दुपारी मी मावशींना गाडीत घालून पादोवाला त्यांच्या लेकीकडे सोडून आलो.

दुसऱ्या सकाळी अकरा मिलिमीटर. पादोवाच्या दिशेने. भेगांवर आम्ही काचेच्या पट्ट्या चिकटवतो, भेग रुंदावली की त्या तडकतात. सगळ्या तडकल्या होत्या. भिंतीच्या आत कुणी जातं ओढावं तसा आवाज येत होता.

मी फोन केला.

"बघ, सांगितलं होतं की नाही?" मावशी म्हणाल्या. "येते."

त्या बसमधून उतरल्या त्या थेट मनोऱ्यात शिरल्या. खुर्ची मागवली, विणकाम काढलं.

आवाज थांबला.

तार थांबली. एरवी वाऱ्याने केसभर तरी हलते. तेवढीही हलेना.

सात दिवस ठिपक्यावर ठिपका पडला. माणसं घरी परतली. कुणी मावशींना मटारभात आणून दिला, कुणी कॉट, कुणी शेगडी. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुल्लिओ, रविवारी लेकीकडे जाऊन येऊ का रे? पणतू चालायला लागलाय. संध्याकाळपर्यंत येईन परत."

मी स्पेरांदिओंकडे बघितलं. ते तारेकडे बघत होते.

"बघू," ते म्हणाले. "जरा उन्हाळा लागू दे, मावशी."

मी बोलायला हवं होतं. माझी बायको त्या दिवशी परत मिळालेल्या घराचे पडदे धूत होती. मी बोललो नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

शनिवारी सातला गेलो तेव्हा सुतार हत्यारं आवरत होता. दाराला नवी कडी बसवली होती. बाहेरून.

मी ती काढली, आत जाऊन ठिपका दिला. "आलास का रे," मावशी म्हणाल्या. मी "हो" म्हटलं, बाहेर आलो आणि कडी पुन्हा लावली.