शनिवारची मोटर

जामसांवलीच्या मारुतीचं शनिवारचं दर्शन घेऊन प्रणाली सौंसरला उतरली. पांढुर्ण्याच्या बसला अर्धा तास होता, म्हणून समोरच्या मोटरींच्या दुकानात शिरली... देवघरांवर मोर कोरणारं संगणकावर चालणारं छोटं सीएनसी मशीन ती घरीच जुळवून राहिली होती.

"स्टेपर मोटर पाहिजे. तीन. सगळ्यात मोठ्या. त्यांना करंट देणारा ड्राइव्ह आहे घरी, लहानसा."

काउंटरमागचा प्रफुल्ल हसला. "न् ड्राइव्ह लहान? बैल दांडगा न् वैरण मूठभर! करंट कमी पडला का मोटर पाऊल चुकते. मंग मोराची मान वाकडी."

"मग जोडी तुम्हीच जुळवा," ती बोलून गेली, आणि आपल्याच शब्दांवर लाजली. "पण आज नाही घेणार. शनिवारी लोखंड घरी नेत नाही मी."

"मंग कधी?"

"माझं येणं शनिवारीच होते..."

तिढा दोघांनाही कळला. सोडवला कोणीच नाही.

पुढच्या शनिवारी करंटचं बोलणं झालं, त्याच्या पुढच्या शनिवारी व्होल्टचं. तो चहा-भजी मागवी, तिचा उपास आठवून जीभ चावी, आणि केळी आणी. येणाऱ्या प्रत्येकीला 'ताई, ताई' करणारा हा माणूस तिला मात्र एकदाही ताई म्हणाला नाही. हे तिनं पहिल्याच दिवशी टिपलं होतं.

चौथ्या शनिवारी शेजारच्या दुकानातले भैय्याजी ओरडले, "अरे, तीन मोटरींले चार शनिवार? इतक्यात तं लगन जुळते!"

घरी मशीनची चौकट तयार होती. अडलं होतं ते मोटरींवाचून. मोटरी घेतल्या की सौंसरला थांबायचं कारण संपणार... पण संध्याकाळी दिवा लावताना तिला वाटलं, आपण देवाच्या नियमाआड लपून बसलोय. हे काही बरं नाही.

बुधवारी ती दुकानात उभी राहिली. "आज द्या मोटरी."

प्रफुल्लचा हात खोक्यावरच थांबला. "म्हणजे... शनिवारचं येणं बंद?"

"मोटर ठरली ना?"

"ती तं दुसऱ्याच शनिवारी ठरली होती," तो खाली पाहत म्हणाला. "बाकीचं मी उगाच लांबवलं. रागावल्या काय?"

"मले माहीत होतं."

"मंग काहून येत होत्या?"

तिनं दोन खोकी पिशवीत ठेवली, तिसरं हळूच त्याच्याकडे सरकवलं.

"दोन मोटरींवर मशीन चालत नाही, प्रणाली..." पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं.

"म्हणूनच तं. ही रविवारी तुम्ही घेऊन या. बाबा घरीच असतात." दारापर्यंत जाऊन ती वळली. "आणि एकटे नका येऊ... आईले सोबत आणा."