झाडूवाल्याचं घर

या, असे जवळ या! मागच्यांनो, तुम्हीही पुढे सरका, आणि तोंडातलं आधी गिळा. आज एका बापाची गोष्ट ऐकवायची आहे. त्याला हात नव्हते, तरी तो घर लख्ख झाडायचा! आणि त्याच्याबरोबर एका बड्या माणसाचीही. त्याला चांगले दोन हात दिले होते देवाने. ते कुठे घालू नयेत, एवढी अक्कल मात्र घ्यायला तो थांबलाच नव्हता.

"भोंग्या, वल्हं पाण्यात मार! माझ्या डोक्यात नको!" टिकली ओरडली.

"तुझं डोकंच मध्ये येतं, ताई!"

वसंतातली सुट्टी होती. टिकली आणि तिचा धाकटा भाऊ भोंगा दोघांच्या कयाकमध्ये, मागे एकट्याच्या कयाकमध्ये त्यांचा मावसभाऊ चष्मा. तळ्याच्या धक्क्यावर चष्म्याची आई, म्हणजे मावशी, कयाक भाड्याने द्यायची. आज तिथे मोठ्यांची स्पर्धा होती. कयाकमधून गळ टाकायचा, ज्याचा मासा सगळ्यांत लांब त्याला चषक. मासा पट्टीवर मोजायचा, फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे सोडून द्यायचा. आणि मावशीचा एक कडक नियम: उथळ पाण्यात घर राखत बसलेल्या माशाला हात लावायचा नाही!

मुलांना चषकाशी काय करायचंय? ती निघाली होती झाडूवाल्याला भेटायला.

झाडूवाला म्हणजे हिरवट अंगाचा, रुंद जबड्याचा एक नर मासा. लव्हाळ्यांजवळ त्याने शेपटीने गाळ झाडून झाडून ताटाएवढी गोल जागा स्वच्छ केली होती. मादी तिथे अंडी घालून निघून गेली, आणि हा राखणीला बसला. खाणं नाही, फिरणं नाही. झाडून झाडून शेपटीची खालची कड झिजून लाल झाली होती. जबड्यावर एक पांढरा व्रण. टिकली आल्या दिवसापासून रोज त्याला बघायला यायची, आणि तो रोज तिच्या वल्ह्यावर धावून यायचा. एवढासा जीव, पण काय छाती!

आज मात्र वल्ह्यावर कुणी धावून आलं नाही.

"ताई, घर उघडं आहे!" भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला.

झाडूवाला नव्हता. पट्टेरी मासोळ्यांचं टोळकं अंडी टिपत होतं. टिकलीने सपासप वल्हं मारलं. टोळकं पांगलं, आणि लगेच परत आलं.

"तो अंडी टाकून जाणाऱ्यातला नाही," चष्मा म्हणाला. "त्याला कुणीतरी नेलंय. पोरं बाहेर यायला अजून वेळ आहे. तोवर इथे कुणी नसलं तर एकही अंडं उरणार नाही."

"मग?"

"मी बसतो राखण करत. तुम्ही त्याला शोधा. आणि भोंग्याला घेऊनच जा, नाहीतर अंडी बहिरी व्हायची!"

तेवढ्यात तळ्याच्या मध्यावरून आरोळी आली, "लागला रे, लागला!"

हे सम्राट. नाव कुणी ठेवलं? त्यांनी स्वतःच! कयाकवर सोनेरी अक्षरांत तेच रंगवलेलं. त्यावर न्हाव्याच्या दुकानातली वाटावी अशी खुर्ची, पाण्यातले मासे दाखवणारा पडदा, मोरपिसाऱ्यासारख्या उभ्या गळाच्या काठ्या, आणि टोपीवर इतके बिल्ले, की मान वळली की टोपी खुळखुळायची. शेजारच्या कयाकमध्ये त्यांचा होयबा.

"काय झुंज दिली, साहेब!" होयबा म्हणाला.

"झुंज? अरे, मी होतो म्हणून निभावलं!"

"ताई," भोंगा कुजबुजला, "काठी वाकलीच नाही. झुंज कुणाशी झाली? खुर्चीशी?"

टिकलीनेही पाहिलं होतं. वारा नव्हता, तरी सम्राटांच्या कयाकशेजारी नांगराचा दोर उतरलेला. त्याच्या टोकाला मुकुट रंगवलेला सोनेरी डबा तरंगत होता. आणि त्या सगळ्या काठ्यांपैकी एकही पाण्यात नव्हती!

"भोंग्या, पडतोस का?"

"कधीचा वाट बघतोय!"

जवळ जाताच भोंगा धप्पकन पाण्यात कोसळला. अंगात तरंगतं जाकीट होतंच. हातपाय झाडत त्याने सोनेरी डबा कवटाळला.

"ए कार्ट्या! सोड तो! तमीज नाही ती नाहीच!" सम्राट किंचाळले.

"नाहीच!" होयबा म्हणाला.

टिकलीने भावाला वर ओढलं. दात वाजत असताना तो म्हणाला, "ताई, दोर धडका देतोय! नांगर कधी उड्या मारतो का गं?"

दोघं धक्क्यावर पोचली. छत्रीखाली पंचकाका खुर्चीत पसरले होते. गळ्यात दुर्बीण होती, झाकणासकट.

"सम्राट आणि लबाडी?" त्यांनी एक डोळा उघडला. "अगं, त्यांच्या टोपीवर बिल्ले किती आहेत बघ!" आणि डोळा मिटला. झाला निवाडा! देवाने डोळे दोन दिले, झोप मात्र चौघांची.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "खरंच असणार. पण मी दोर ओढला, की हा बाबा म्हणेल, माझा नाहीच तो."

टिकलीचे डोळे चमकले. "मावशी, त्यानेच 'माझा' म्हटलं तर?"

समाप्तीची शिट्टी वाजली. सगळ्या कयाक परतल्या. सम्राटही आले, सोनेरी डबा तिथेच ठेवून, अर्थात! मोबाईलवरचा माशाचा फोटो उंच धरून ते गर्दीला सांगू लागले, "खोल पाण्यातला राक्षस! असा मासा बघायला नशीब लागतं!"

"लागतं, लागतं!" होयबा म्हणाला.

टिकली आणि भोंगा मात्र पुन्हा तळ्यात जाऊन हळूहळू वल्हवत येत होती. कयाकच्या मागे दोर, दोराला सोनेरी डबा.

"काका!" टिकली साळसूदपणे म्हणाली, "हा नांगर बेवारशी तरंगत होता. कुणाचा आहे हो?"

"बेवारशी?" सम्राट लालबुंद झाले. "मुकुट दिसत नाही? माझा आहे तो! चोरट्यांनो, ठेवा खाली!"

"नक्की तुमचाच?" मावशीने विचारलं.

"माझाच! सगळ्या तळ्याला ठाऊक आहे!"

"साहेबांचाच!" होयबाने शिक्का मारला.

"मग घ्या," टिकली म्हणाली, आणि दोघा भावंडांनी दोर ओढला.

नांगर कसला! तारेचा पिंजरा! आत दाटीवाटीने मासे. अगदी वर पांढऱ्या व्रणाचा जबडा, आणि झिजून लाल झालेली शेपटी.

"हे... हे खोल पाण्यातले..." सम्राट चाचरले.

"खोल पाण्यात कोण घर झाडतं?" टिकली कडाडली. "ही शेपटी बघा! हा पोरांच्या अंथरुणावरून हलत नव्हता, म्हणून तुमच्या हाती लागला. तुम्ही झुंजलात म्हणे! एका बापाला त्याच्या दारातून उचलून नेलंत, तो पळत नव्हता म्हणून! यात कसली आली मर्दुमकी?"

"मी साहेबांना आधीच म्हणत होतो..." होयबा पुटपुटला. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या विरुद्ध बोलायचं, तेही पळताना!

गर्दी हसली. सम्राटांनी मान खाली घातली, तर टोपी खुळखुळली, आणि हसू आणखीच वाढलं. पंचकाकांनी घाईघाईने दुर्बिणीचं झाकण काढलं. बघण्यासारखं सगळं आता नाकासमोरच होतं. फोटो बाद, सम्राट बाद.

टिकलीला ते पाहायला वेळ कुठे होता? बादलीत झाडूवाल्याला घेऊन ती निघालीही. मागोमाग मावशी बाकीचे मासे त्यांच्या त्यांच्या लव्हाळ्यांकडे घेऊन निघाली.

चष्मा तिथेच होता. नाक उन्हाने सोललेलं, तरी वल्हं चालूच.

"उरलीत?" टिकलीने श्वास रोखून विचारलं.

"अर्ध्याहून जास्त."

बादली कलंडली. झाडूवाला पाण्यात तसाच उभा राहिला, सुन्न. एक पट्टेरी मासोळी पुढे सरकली. आणि मग ती लाल शेपटी हलली! झाडूवाला तीरासारखा सुटला, टोळकं दाही दिशांना पांगवून परत आला, आणि लगेच टिकलीच्या वल्ह्यावर धडकला!

"काय कृतघ्न आहे!" भोंगा खदखदला. टिकली मात्र हसता हसता रडत होती.

संध्याकाळी मावशीने तिघांना जवळ घेतलं. "सगळा धक्का मुकुट बघत राहिला. तुम्ही तेवढी शेपटी पाहिलीत. शाबास रे माझ्या बाळांनो!"

काही दिवसांनी लव्हाळ्यांजवळ मोहरीएवढ्या काळ्या ठिपक्यांचा एक ढग पोहत होता, आणि त्याच्या मागे, जरा थकलेला, एक बाप.

तर बाळांनो, सम्राटांना विसरलात तरी चालेल. चषक कुणाला मिळाला ते मलाही आठवत नाही. पण कधी हातात झाडू आला आणि कंटाळा आला, तर त्या लाल शेपटीची तेवढी आठवण ठेवा.