कोरी प्लेट

मंगळावरच्या लोहमाती वसाहतीत अकरा मुलं तापानं फणफणली होती, आणि त्यातला एक होता शाल्मलीचा धाकटा भाऊ, निहार. प्रयोगशाळेत त्याच्या रक्ताचा थेंब पेरलेली प्लेट तिनं चौथ्यांदा दिव्याखाली धरली. कोरी. एक ठिपकासुद्धा नाही!

"जंतू नाहीत, म्हणजे विषाणू," प्रमुख भुस्कुटे सर म्हणाले. "मग प्रतिजैविक देऊन काय उपयोग? आहे तेवढंच आहे. पुढचं यान यायला दीड वर्ष!"

"पण सर, पोषणमाध्यमच शिळं झालं असेल तर? या प्लेटा दोन वर्षांच्या आहेत."

"दर सोमवारी त्यांची परीक्षा तूच घेतेस ना? शंभर जंतू पेरलेस की किती उगवतात?"

"अठ्ठ्याण्णव."

"सत्तरच्या खाली आले की माध्यम बाद. ही तर मेरिटमध्ये आलीय, बाई!"

शाल्मली हसली नाही. गोठवलेल्या मूळ जंतूंची एकच कुपी उरली होती, म्हणून ती काटकसर करायची. या सोमवारी उगवलेल्यांतलेच पुढच्या सोमवारी पेरायची. शंभर आठवडे!

"सर, माझे जंतू त्याच शिळ्या जेवणावर वाढलेत. ज्यांना ते पचलं नाही ते कधीच संपले. उरलेत ते दगडावरही उगवतील! पण निहारच्या रक्तातला नवखा जंतू या प्लेटवर उपाशीच मरणार."

सरांनी चष्मा काढला. "उघड ती कुपी."

मूळ जंतू पेरून ती वीस तास निहारच्या उशाशी बसली. "ताई, तुझ्या हाताला आंबट वास येतोय," तो पुटपुटला. नंतर तो बोलायचाच थांबला.

वीस तासांनी प्लेटवर शंभरातले तीन ठिपके होते.

"तीनच! सर, माध्यम मेलंय. आपल्या कोऱ्या प्लेटांना काही अर्थच नाही!"

सरांनी लगेच दवाखान्याला फोन लावला. "प्रतिजैविक काढा. हो, अकराही जणांना. सलाईनमधूनच सोडा, आत्ता..." आणि ते अडखळले.

सलाईन वसाहतीतच बनायचं. प्रत्येक घाण्यातला थेंब प्लेटवर टाकायचा. प्लेट कोरी राहिली, की सलाईन निर्जंतुक.

"मुलं आली तेव्हा नुसते जुलाब होते, सर," शाल्मली म्हणाली. "ताप... ताप सलाईन लावल्यावर चढला."

ती धावत सुटली. दवाखान्यात शिरली आणि निहारच्या हातातली सुई तिनं उपसून काढली.

"अहो, हे काय करताय!" नर्सबाई किंचाळल्या. त्यांनी बाटली तिच्यापुढे धरली. "आत्ताच नवी लावलीय. शुद्ध आहे. बघा, तुमचीच सही आहे!"