खडपाजवळची घोळ

घोळ मासळी शोधायची! एवढ्याच कामासाठी लेस्ली तांडेलाची होडी पाचूबंदरहून निघाली होती. पावसाळ्याच्या अखेरीस घोळ थव्याने किनाऱ्याजवळ येते, खडपाच्या, म्हणजे समुद्रातल्या कातळाच्या, कडेच्या मऊ गाळावर अंडी घालायला जमते. तेव्हा नर पोटातली हवेची पिशवी थरथरवून असे घुमतात, की पाण्यात बुडवलेल्या वल्ह्याच्या दांड्याला कान लावला की ते खालून ऐकू येतं. हे ऐकण्यात लेस्लीचा हात धरणारा बंदरावर कोणी नव्हता.

निदान लोकांची तशी समजूत होती. गेले दोन मोसम लेस्ली रिकाम्या हाताने परतत होता आणि त्याचं कारण फक्त त्याची बायको रिटा जाणून होती. इंजिनाशेजारी जन्म काढलेल्या माणसाचे कान गेले होते. घरात ती ओरडून बोलायची, शेजाऱ्यांना वाटायचं, नवरा-बायकोचं पटत नाही! त्याची तांडेलकी, होडीची कप्तानी, जाईल म्हणून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. आज खलाशी तापाने पडला, तेव्हा तीच होडीत चढली. तिसरा होता भाचा जेन्सन. मामाचा शब्द त्याला प्रमाण.

खडपापासून दूर लेस्लीने इंजिन बंद करायला लावलं. ऐकायचं तर ते बंद हवंच. त्याने वल्हं पाण्यात सोडलं, दांड्याला कान टेकला.

"काय मामा?" जेन्सनने मोठ्याने विचारलं.

"हाय, हाय. जरा पुढं हाय."

रिटाने ओळखलं. तो ऐकत नव्हता, अंदाज बांधत होता! होडी वाहत चालली होती आणि पश्चिमेला आभाळ काळवंडत होतं. सांगून टाकू? पण भाच्यादेखत? 

आणि सर कोसळली! किनारा दिसेना, किनाऱ्यावरचा किल्ला दिसेना. जेन्सनने इंजिनाचं हँडल फिरवलं. इंजिन ढिम्म. पुन्हा फिरवलं. ढिम्मच! वारा होडीला खडपाकडे लोटू लागला. पावसाच्या पडद्याआड लाटा फुटत होत्या.

"नांगर टाक!" लेस्ली ओरडला.

नांगर पडला आणि खरवडत घसरत गेला. खाली नुसता कातळ! फटीत अडकून दोर तुटला तर संपलंच, म्हणून जेन्सनने तो घाईघाईने वर ओढला.

घोळ असते तिथे गाळ असतो. आणि गाळात नांगर रुततो! रिटाने नवऱ्याच्या हातातलं वल्हं हिसकावलं.

"काय करतेस?"

"तुमाला आयकू येत नाय!" ती किंचाळली. "दोन वरसं येत नाय! आता मना आयकू द्या!"

जेन्सन मामाकडे बघतच राहिला. लेस्लीची मान खाली गेली.

लहानपणी बापाच्या होडीत तिनेही असाच कान लावला होता. आता तिला पाण्याची खळखळ ऐकू आली, स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली. बाकी काही नाही. ती मनात नमो मरिया म्हणू लागली. फुटणाऱ्या लाटांचे तुषार अंगावर येऊ लागले. आणि मग खालून एक घरघर आली, दूर कुणीतरी जातं ओढावं तशी. वाढत गेली.

"अजून नको... अजून नको... आता!"

"इथं खोल हाय, येवढा दोर पुरनार नाय!" लेस्ली ओरडला. "जाल्याचा दोर जोड!"

"मामा, जालं?"

"काप!"

लेस्लीने स्वतःच सुरी चालवली. जाळ्याचा जाड दोर नांगराच्या दोराला गाठ मारून जोडला. नांगर गेला. दोर ताणला. होडीने हिसका खाल्ला, तोंड वळवलं... आणि थांबली! खडप मागे हाकेच्या अंतरावर फेसाळत होता.

सर ओसरली तेव्हा किल्ल्याची तटबंदी पुन्हा दिसू लागली. जाळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. इंजिनात शिरलेलं पाणी पुसत जेन्सन हळहळला, "सगली घोल आपल्याच खाली, मामी. आनि जालं नाय!"

"घालू दे अंडी," रिटा म्हणाली. 

लेस्लीने होडीच्या तळातलं वल्हं उचललं. मग म्हणाला, "जेन्सन, बंदरावर सांग. लेस्लीला आयकू येत नाय." थोडं थांबून त्याने वल्हं रिटाच्या मांडीवर ठेवलं. "आनि सांग, होडीवर आयकायला रिटा हाय."

इंजिन धडधडलं. घरी जाऊ या, असं रिटा हळूच म्हणाली. लेस्लीला ते कळलं नाही. मग तिने तेच ओरडून सांगितलं, जेन्सनदेखत, अगदी मोकळ्या गळ्याने!