'बघू' न म्हणणारं यंत्र

शर्वाणी कुळमेथे प्रयोगशाळेत आली आणि पाहते तर काय, काचेच्या दोन टाक्यांपैकी डावीकडची पार हिरवीगार झालेली! उजवीकडची मात्र तळ दिसेल इतकी नितळ. दोन्हींत पाणी एकाच तळ्यातलं, उजेड सारखा, खत सारखं. फरक एवढाच, की गेल्या आठवड्यात डावीकडच्या टाकीत तिने चमचाभर शेवाळ जास्तीचं टाकलं होतं.

तिला नाचावंसंच वाटलं. पाण्याच्या दोन स्थिती असतात, नितळ आणि गढूळ, आणि दोन्ही सारख्याच पक्क्या. काठावर आलेलं पाणी कुठे कलंडेल ते एक बारीकसा धक्का ठरवतो. याला तिने 'द्विस्थैर्य' असं नाव दिलं होतं आणि तिच्या प्रबंधाचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. आता विद्यापीठाच्या तळ्यातून वर्षभर, एकही खंड न पाडता नमुने घेतले की झालं. पण पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती, आणि मुदतवाढ हवी असेल तर वाटाड्यासमोर बसणं भाग होतं.

वाटाड्या म्हणजे देवटाके विद्यापीठाच्या संशोधक विकास केंद्रातलं भाकीतयंत्र. ग्रंथालयाच्या मागच्या त्या इमारतीत एके काळी काय गजबज असे! शोधनिबंध लिहायला शिकवणारी खोली, मुलाखतीची तालीम घेणारी खोली, आणि समुपदेशक बाईंची खोली, जिथे पोरं दार लावून मनसोक्त रडून घ्यायची. आता त्या सगळ्यांना कुलपं लागली होती. आपलं पुढे काय होणार हे एका वाक्यात कळत असेल तर तालमी कोण करत बसणार? वाटाड्या काही आठवडे संशोधकाशी गप्पा मारायचा, मग एकच वाक्य सांगायचा, आणि ते वाक्य आजवर एकदाही खोटं ठरलेलं नव्हतं. शर्वाणीच्या गप्पा होऊन गेल्या होत्या, वाक्य उद्या मिळायचं होतं.

शर्वाणीच्याच प्रयोगशाळेतला प्रज्योत. काय डोकं होतं त्या पोराचं! त्याला वाटाड्याने सांगितलं, "तू या वर्षी संशोधन सोडशील." पावसाळा संपायच्या आत त्याने गाशा गुंडाळला. यंत्राला आधीच कळलं होतं, असं सगळे म्हणाले. शर्वाणीही तेव्हा तेच म्हणाली होती. आज मात्र त्या हिरव्या टाकीकडे बघता बघता तिला वेगळीच शंका आली.

ती तडक केंद्रात गेली. वाटाड्या बांधणाऱ्या गणितज्ञ डॉ. नफीसा इनामदार आपल्या खोलीत चहा पीत होत्या.

"मॅडम, प्रज्योतला 'तू पीएचडी पूर्ण करशील' असं सांगितलं असतं तर?"

इनामदार मॅडमनी कप खाली ठेवला. "बस आधी. भाकीत करण्यातली खरी अडचण कोणती, सांग."

"ऐकणारा ते ऐकून बदलतो."

"बरोबर. पाऊस पडेल म्हटल्याने ढगाला काही फरक पडत नाही, माणसाला पडतो. म्हणून वाटाड्या गप्पांमधून प्रत्येकाचं मनप्रतिमान, म्हणजे मनाची हुबेहूब नक्कल, उभं करतो. निरनिराळी वाक्यं त्या प्रतिमानाला ऐकवून बघतो. जे वाक्य ऐकल्यानंतरसुद्धा खरंच ठरतं, तेवढंच ठेवतो. आम्ही त्याला स्वसिद्ध भाकीत म्हणतो."

"आणि अशी दोन वाक्यं निघाली तर? एकमेकांच्या विरुद्ध?"

"निघतात की. काठावरच्या मुलांची हमखास निघतात."

"मग?"

"ज्याची खात्री जास्त, ते सांगतो."

शर्वाणीने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "मॅडम, सोडून जाणाऱ्याची खात्री नेहमीच जास्त असणार. सोडलं की सोडलं, परत कोण येतंय? टिकून राहणाऱ्याच्या वाटेत मात्र शंभर भानगडी. उपकरण बिघडेल, घरी कुणी आजारी पडेल. तुमचं यंत्र कधी चुकत नाही, कारण ते काठावरच्या प्रत्येकाला बाहेरच्या बाजूला ढकलतं. माझ्या टाकीत मी चमचाभर शेवाळ टाकलं, तसं."

"प्रज्योतच्या बाबतीत दुसरं वाक्यही निघालं होतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "तेही खरं ठरलं असतं."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"शर्वाणी, माझ्या गाइडना मी दर महिन्याला विचारायची, सर, माझं होईल ना? ते म्हणायचे, बघू. सगळी उमेदीची वर्षं त्या 'बघू'वर काढली गं मी. ना 'हो', ना 'नाही'. वयाची तिशी उलटून गेली, तरी बघू. तेव्हाच ठरवलं, की कधीही 'बघू' न म्हणणारं काहीतरी बांधायचं. खरं तेच सांगणारं. यात माझं कुठे चुकलं?"

शर्वाणीला मॅडमचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. तिचे स्वतःचे गाइड मणेरीकर सरही बघूच म्हणत. पण त्यांच्या बघूने कुणी कुठे ढकललं गेलं नव्हतं, काठावरचा माणूस निदान काठावर तरी राहत होता.

"मी आधीच सांगून ठेवते," ती उठत म्हणाली. "मला 'सोडशील' म्हणाला ना, तर मी नाकावर टिच्चून पूर्ण करीन."

"हे त्यालाही माहीत आहे. तुझ्या प्रतिमानात तुझा हट्टही आलाय."

दुसऱ्या दिवशी ती वाटाड्याच्या खोलीत बसली. साधीच खोली, एक खुर्ची आणि भिंतीतला एक ध्वनिक्षेपक. आईबापांच्या घराण्यात कुणी पदवीपर्यंतही पोचलं नव्हतं. हे सुटलं तर गावी तोंड दाखवायचं कसं, या विचाराने तिचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

वाटाड्याचा आवाज आला. "तू मला बंद पाडशील."

शर्वाणीला हसूच फुटलं. इतकं मोकळं ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. बाहेर येऊन तिने मॅडमना वाक्य सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "त्याला स्वतःच्या जिवाची पर्वा नाही," त्या म्हणाल्या, "फक्त वाक्य खरं ठरण्याची आहे."

"मग ठरू दे की खरं!" शर्वाणी म्हणाली.

मुदतवाढ मिळाली, आणि शर्वाणीने पदर खोचला. सोडून गेलेल्या मुलांना तिने शोधून काढलं. कुणी औषधाच्या कारखान्यात होतं, कुणी शिकवण्या घेत होतं, प्रज्योत भावाच्या दुकानात बसत होता. "म्हणजे मला जमलं असतं?" दुसऱ्या वाक्याचं कळल्यावर एवढंच त्याने विचारलं आणि मान फिरवली. त्या मान फिरवण्याने तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. विद्यापरिषदेपुढे निवेदन, मग चौकशी समिती, मग त्या समितीवर दुसरी समिती. दर बैठकीला कुणीतरी म्हणे, यंत्र एकदा तरी चुकलंय का ते दाखवा. आणि ती घसा फोडून सांगे, साहेब, तोच तर त्याचा दोष आहे.

बैठका असत तेव्हा तळ्यावरचे नमुने राहून जात. पहिल्यांदा राहिले तेव्हा तिला चुटपुट लागली. नंतर नंतर सवय झाली.

"शर्वाणी, तळं कुणासाठी थांबत नाही गं," मणेरीकर सर एकदा म्हणाले.

"सर, एवढी एक सुनावणी होऊ दे. मग तळंच तळं."

पण सुनावणीमागून सुनावणी लागत गेली. त्या उन्हाळ्यात तळं गढुळलं. नितळ पाणी गढूळ होताना त्याचं मोजमाप करायचं, त्यासाठी तर ती एवढी धडपडत होती. ते झालं तेव्हा ती परिषदेच्या सभागृहाबाहेर बाकावर बसलेली होती. नमुना नाही म्हणजे प्रबंध नाही. वाढवलेली मुदतही संपली. सरांनी रजिस्ट्रारकडे खूप शब्द टाकला, उपयोग झाला नाही.

वाटाड्या बंद करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. यंत्राची कळ शर्वाणीनेच दाबावी, असं इनामदार मॅडमनी सुचवलं.

त्या खोलीत ती पुन्हा त्याच खुर्चीवर बसली. मॅडम दाराशी उभ्या होत्या.

"जाता जाता एक विचारू?" ती यंत्राला म्हणाली. "माझं संशोधन सुटेल, हे तुला दिसलं होतं का?"

"हो."

"मग ते का नाही सांगितलंस?"

"ते ऐकलं असतंस तर तू सोडलं नसतंस. माझं वाक्य खोटं ठरलं असतं. ऐकूनही खरं राहील, तेच मी सांगू शकतो."

शर्वाणीला आता उलगडलं. 'सोडशील' हे वाक्य अडवायला ती दारात दंड थोपटून उभी होती, आणि ते तिच्या आवडत्या वाक्याचं बोट धरून मागच्या दाराने घरात आलं होतं.

"दुसरं एखादं वाक्य होतं?" तिने विचारलं.

"होतं. तू प्रबंध पूर्ण करशील. तेही खरं ठरलं असतं."

"मग?"

"त्याची खात्री किंचित कमी होती."

दाराशी मॅडमनी तोंडाला पदर लावला. शर्वाणी ढसाढसा रडली. गावी आईला काय सांगायचं, हे तिला त्या क्षणी खरोखरच सुचत नव्हतं. मग तिने डोळे पुसले, उठली आणि कळ दाबली. खोलीतली घरघर थांबली. 'तू मला बंद पाडशील' हे वाटाड्याचं वाक्यही खरं ठरलं.

महिन्याभराने केंद्राच्या खोल्यांची कुलपं निघाली. समुपदेशकाच्या जागेसाठी मॅडमनीच शर्वाणीचं नाव पुढे केलं. तिला ती जागा नको होती. पण घरी रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरं, म्हणून तिने होकार दिला. पहिल्याच दिवशी अनघा लोहकरे नावाची एक मुलगी आली. वनस्पतिशास्त्रातली, चौथ्या वर्षाची. रोपं दोनदा जळाली होती, गाइड नीट बोलत नव्हते, घरून लग्नाचा तगादा होता. सगळं सांगून झाल्यावर तिने रुमाल मुठीत घट्ट धरला.

"ताई, खरं सांगा. माझं होईल का हो?"

शर्वाणीने तिच्याकडे नीट पाहिलं. ही मुलगी अगदी काठावर उभी आहे, हे कळायला मनप्रतिमानाची गरज नव्हती. होईल की नाही, हे शर्वाणीला मुळीच माहीत नव्हतं. खात्री विचारली असती तर निम्म्याहून कमीच सांगावी लागली असती.

"होईल," ती म्हणाली.